सात नंबरची झेंडी

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या पडल्या, शेताशेतात पेंढ्यांचे पुंजणे उभे राहिले की आमच्या केंद्रावरच्या माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली निघते. यंदाही निघाली. तिच्यात झेंड्या असतात. झेंडी म्हटलं की डोळ्यापुढे शाळेतली पताका येते, पण ही तशी नव्हे. तारेवर तीन चौकोनी कापडं ताणून शिवलेला तो एक तिधारी कंदील असतो, अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी, आणि त्याच्यावर काळ्या रंगात आकडा. झाडाला टांगला की कुठल्याही बाजूनं आलं तरी दिसतो. वर्षभर पेटीत राहून त्यांना उंदरांचा आणि डांबरगोळ्यांचा वास लागलेला असतो. मी त्या झटकते, अंगणातल्या दोरीवर उन्हात घालते. कुठे उसवलं असेल तिथे टाका घालते.

यमुनाबाई केंद्राचा स्वयंपाक बघते. ती भाताचा गंज घासता घासता ओरडली, "काय वो कुसुमबाई, लगन हाय का कोनाचं? मांडव सजवून राह्यली!"

मी हसले. दरवर्षी ती हेच म्हणते आणि दरवर्षी मी हसते. काम तसं जड नाही. बसून करायचं, उन्हात करायचं. पण पेटीचं झाकण उघडलं की काम पुढे सरकत नाही. सुई हातात धरून मी तशीच बसून राहते, आणि दोरा ओवायला दोनदा, तीनदा लागतात. डोळे आता तसेही अधू झालेत, पण सगळंच काही डोळ्यांचं नाही.

आमच्याकडे प्रत्येकाचा एक हंगाम असतो. कोणाचा धानाचा, कोणाचा मोहफुलांचा, कोणाचा तेंदूपत्त्याचा. माझा शाळेच्या मुलांचा. आरमोरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की तलाव लागतो. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याला, आमचं गाव आणि पलीकडच्या काठाला हे शिबिराचं केंद्र. चार खोल्या, एक मोठं शेड, अंगण, मागे रान. थंडी पडली की बसगाड्या येऊ लागतात. ऊर्जानगराकडून येतात, चंद्रपुराकडून येतात, कधी नागपुराहूनही. दोन रात्री राहतात आणि जातात. एक बस गेली की दुसरी. मधल्या वेळात मी चादरी धुते. संक्रांत सरली, मोहाची पानं गळू लागली की सगळं बंद होतं, आणि तलावावर फक्त बगळे राहतात.

मुलं इथे येऊन एक खेळ खेळतात. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, ते मला अजून धड म्हणता येत नाही. तिघा-तिघांचा एक गट. हातात नकाशा आणि होकायंत्र, गळ्यात शिट्टी. नकाशावर लाल गोल काढलेले असतात, आणि जिथे गोल तिथे रानात एक झेंडी. झेंडीला एक चिमटा बांधलेला असतो. त्यानं आपल्या कार्डावर भोक पाडायचं आणि पुढची झेंडी शोधायची. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या आकड्यापासून, म्हणजे कोणी कोणाच्या मागे मागे जाणार नाही. पहिल्या वर्षी यमुनाबाईनं हे सगळं कंबरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "आमची पोरं हरपली तं मार खातेत. यायची तं हरपाले बस करून येतेत!"

झेंड्या टांगायचं काम माझ्याकडे कसं आलं ते मला आठवतं. श्वेता मॅडम होत्या तेव्हा. नागपूरच्या, वय पंचविशीच्या आतबाहेर, बारीक अंगाच्या, डोक्याला नेहमी रुमाल. मुलांना हा खेळ शिकवायला त्या हंगामाचे दोन महिने यायच्या, आणि नकाशाही त्याच काढायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, रान कोणाला माहीत आहे? यमुनाबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी झाडू घेऊन उभी होते. मी काही बोलले नाही, तेच हो झालं.

मग आठ दिवस आम्ही दोघी रानात हिंडलो. मॅडम पावलं मोजायच्या. शंभर झाली की एक खडा खिशात टाकायच्या, म्हणजे बोलण्याच्या नादात हिशेब चुकत नाही. मी पुढे चालायची. मॅडम थांबल्या की थांबायची. त्या कागदावर रेघ ओढायच्या आणि मला दाखवायच्या. "मावशी, ह्या तपकिरी रेषा जवळ जवळ आल्या की समजायचं चढ आहे. लांब लांब असल्या की सपाट. ही निळी म्हणजे तुमचा नाला."

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, वाटेत नदी होती, तिथेच ते संपलं. शाळेत मला उत्तरं यायची. बाईंनी विचारलं की उत्तर छातीतून वर निघायचं, तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. शेजारची पोरगी तेच उत्तर देऊन शाबासकी घ्यायची. तर असं माझं. पण नकाशा मला आवडला. तो मोठ्यानं वाचावा लागत नाही. ज्या वाटांनी मी लग्न होऊन आल्यापासून काड्या आणल्या, मोहफुलं वेचली, त्या वाटा कोणीतरी वरून पाहून कागदावर ठेवल्या होत्या. जांभळीचं झाड तिथे होतं तिथेच. नाल्याचं वळण तसंच. मी बोट ठेवून म्हटलं, "इथी मोठा दगड हाय. हे नाई काढलं तुम्ही." मॅडमनी लगेच काळा टिंब काढला. मी सांगितलेलं कागदावर उतरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मॅडम मला म्हणायच्या, "मावशी, तुम्ही फार कमी बोलता. पण बोलता ते बरोबर असतं." आता ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

माझ्या माहेरी रानात जायची एक रीत होती. बाया पहाटे मोहफुलांना निघाल्या की सगळ्या काही एकदम निघत नसत. कोणी पुढे, कोणी मागे. वाट जिथे फुटते तिथे पुढच्या बाईनं एक हिरवी डहाळी तोडून आडवी टाकायची आणि तिच्यावर दगड ठेवायचा. ज्या वाटेवर डहाळी ती वाट बंद. तिकडे जनावर दिसलं असेल, दलदल असेल, किंवा नुसतंच आम्ही तिकडे गेलो नाही असं असेल. मागून येणारी काही विचारत नसे. ती वळायची आणि दुसऱ्या वाटेला लागायची. डहाळी सुकली की समजायचं जुनी गोष्ट. पानं ताजी असली की आत्ताची. आई म्हणायची, रानात हाका मारू नये, टाकायचं ते वाटेवर टाकून जावं. माझ्यासारखीला ती रीत किती सोयीची होती हे तेव्हा कळलं नव्हतं.

तो हंगाम कडक थंडीचा होता. सकाळी तलावावरून धुकं उठायचं आणि शेडचे खांबसुद्धा अर्धेच दिसायचे. ऊर्जानगराकडची मुलं आली होती. मी नेहमीप्रमाणे उजाडताच झेंड्या घेऊन निघाले. पातळाचे काठ दवानं ओले, पाय गार पडलेले. सागाची वाळलेली पानं ओली असली की वाजत नाहीत, त्यामुळे रान मुकं वाटत होतं. एक ते सहा टांगून झाल्या. सातवी नाल्यावरच्या जांभळीला टांगायची.

जांभळीजवळ मी थांबले. नाल्याच्या काठाला बोरीचं झुडूप आहे. त्याच्या खाली माती उकरलेली, फांद्या मोडलेल्या. शेजारचं वारूळ फोडलेलं. आणि वाटेवर अस्वलाची विष्ठा, बोरांच्या बियांनी भरलेली, अजून वाफ निघेल अशी ताजी. मी श्वास धरून उभी राहिले. काही हललं नाही. अस्वल बोरांना आलं की दोन-चार दिवस त्याच झुडपाला येतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

मी झेंडी तिथे लावली नाही. चढ चढून हाकेच्या अंतरावर मोहाचं झाड आहे, त्याला लावली. परत खाली आले. नाल्याकडे वाट फुटते तिथे पळसाची हिरवी डहाळी तोडून आडवी टाकली, दगड ठेवला, आणि केंद्रावर आले. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते. मॅडम, सात नंबर मोहाला लावली, नाल्यावर अस्वल येऊन राह्यलं. एवढंच तर वाक्य. चार वेळा म्हणून पाहिलं.

अंगणात मुलं जमली होती. लाल स्वेटर, पांढरे बूट, कलकल. त्यांच्या शाळेचे दोन सर, एक मॅडम, आमचे व्यवस्थापक साहेब, सगळे उभे. श्वेता मॅडम मध्ये उभ्या राहून होकायंत्र कसं धरायचं ते सांगत होत्या आणि मुलं हसत होती. मी शेडच्या खांबाजवळ थांबले. एवढ्या लोकांत अस्वलाचं नाव कसं घ्यावं? साहेब रागावतील. मुलं घाबरतील. शाळेचे सर म्हणतील, चला, बसमध्ये बसा. मग मॅडमच म्हणतील, आधी नाही का सांगायचं. मॅडमनी लांबूनच विचारलं, "झाल्या का सगळ्या, मावशी?"

मी मान हलवली. मान हलवायला शब्द लागत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की मी सांगून आले आहे. डहाळी टाकली होती ना! माझ्या लेखी बोलणं झालं होतं. हिरवी डहाळी ओलांडून कोणी जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पोहे परतायला यमुनाबाईकडे गेले.

साडेअकरापर्यंत सगळे गट परत आले, एक सोडून. तीन मुली. मॅडमनी शिट्टी वाजवली, थांबल्या, परत वाजवली. रानातून उत्तर आलं नाही. आलेल्या मुलांना त्यांनी विचारलं, सात नंबर कोणाला मिळाला? तिघा-चौघांनी हात वर केला, त्यांना वर चढावर नारिंगी रंग दिसला होता. बाकीचे म्हणाले, आम्ही नाल्यापर्यंत गेलो, तिथे काही नव्हतं, परत फिरलो. मॅडमनी नकाशा पाहिला. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या आपलीच आकृती ताडून बघत होत्या, आणि मी दहा पावलांवर उभी होते.

मॅडमनी माणसं वाटली. एक तलावाकडे, दोघं रस्त्याकडे, स्वतः पूर्वेला. कुठे शोधायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. कोणाला न सांगता मी नाल्याकडे निघाले. चालले म्हणता येणार नाही, पायच मला ओढत होते. वाट फुटते तिथे आले तर डहाळी नव्हती. ती बाजूला, झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवलेली होती. दगडही शेजारी.

झेंडी शोधत उतरलेल्या मुली नाल्याच्या खालच्या अंगाला सापडल्या, दुपार कलल्यावर. कोरड्या वाळूत बसल्या होत्या. एकीचा पाय मुरगळलेला. शिट्टी वाजवून वाजवून तोंड कोरडं पडलं म्हणून बोरं खात होत्या. त्याच झुडपाची बोरं. त्यांनी ओंजळ भरून पुढे केली. "मावशी, घ्या ना."

 मी म्हटलं, "उठा माय, लवकर उठा. गप्प चाला."

मुरगळलेल्या मुलीचं नाव ईशा. तिला मी पाठीवर घेतलं. ती हलकी होती आणि सारखी बोलत होती. घाबरलेली माणसं एकतर अजिबात बोलत नाहीत, नाहीतर फार बोलतात. "आमच्या क्वार्टरकडे कुठूनही चिमण्या दिसतात, मावशी. बाबांच्या पॉवर प्लांटच्या. सायकल घेऊन कितीही लांब गेलं तरी वर पाहिलं की घर कुठे ते कळतं. इथे काहीच उंच नाही. सगळी झाडं सारखी."

मग म्हणाली, "नकाशात सात नंबर तिथेच होता. आम्ही बरोबर गेलो होतो. वाटेत एक फांदी पडली होती, दगड होता वर. मी दोघींना म्हटलं, कोणीतरी अडखळून पडेल. म्हणून आम्ही बाजूला ठेवली."

माझे पाय जागच्या जागी थांबले. पाठीवरून तिनं विचारलं, "आम्ही चुकलो का मावशी?"

"नाई माय," मी म्हटलं. "तुम्ही नाई चुकल्या."

त्या दिवसभरात मी बोललेलं खरं वाक्य ते एवढंच.

केंद्रावर आलो तर टाळ्या वाजल्या. शाळेच्या बाई रडत होत्या, त्यांनी माझे हात धरले. यमुनाबाईनं माझ्या डोक्यावरून बोटं मोडली. साहेबांनी मोबाइल काढून आमचा फोटो काढला, मी आणि त्या तिघी. आणि दुसरीकडे, शेडच्या कोपऱ्यात, शाळेचे मोठे सर श्वेता मॅडमना बोलत होते. आवाज चढवून नाही, हळूच, आणि ते जास्त वाईट होतं. "नकाशा चुकतो कसा? आम्ही तुमच्या कागदावर भरवसा ठेवून मुली रानात सोडतो." साहेब मध्ये पडले ते मॅडमच्या बाजूनं नाही. म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही तपासायला हवं होतं." मॅडमनी मान खाली घातली. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ईशाच्या पायाला हळद-तेल चोळत होते. मी वर पाहिलंच नाही.

ऊन उतरायच्या आधी मॅडम एकट्या जाऊन सात नंबर पाहून आल्या. मी मागच्या बाजूला भांडी घासत होते. त्या समोर येऊन उकिडव्या बसल्या.

"मावशी, सात नंबर मोहाला आहे. नकाशात मी जांभळीवर गोल काढलाय."

माझ्या हातात राख आणि काथ्या. मी घासत राहिले.

"आपण दोघी फिरलो तेव्हा मी तुम्हाला ती जागा नीट दाखवली नसेल," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

तेव्हा सांगता आलं असतं. कोणी नव्हतं. त्या होत्या, मी होते, मधे राखेची परात. वाक्य सकाळपासून तयार होतं. ते वर आलं. तोंडापर्यंत आलं.

मी म्हटलं, "चहा देऊ का?"

त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "द्या."

पुढच्या वर्षी मॅडम आल्या नाहीत. साहेबांनी दुसऱ्यांना बोलावलं. कोणी काही विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. फोटो मात्र मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लागला. मी रोज त्याच्याखाली झाडते.

कौतुक हे फार थकवणारं काम असतं. नवीन बस आली की यमुनाबाई वाढता वाढता मला पुढे ढकलते. "हेच ते बाई! सगळे पूर्वेले धुंडत होते, हे सरळ नाल्यावर. पायाले डोळे हायेत हिच्या!" मुलं मान वर करून माझ्याकडे पाहतात. शिक्षक विचारतात, तुम्हाला कसं कळलं हो? मी पातेल्यात पळी फिरवत राहते. लोकांना वाटतं लाजली. लाजते तर मी आहेच. पण भात घालायला हात उचलावा तर तो दुपटीनं जड होतो.

मागच्या वर्षी तांदूळ निवडताना मी यमुनाबाईला सांगितलं. ती कुणाचंही बोलणं मधेच तोडते, पण तेव्हा ऐकत राहिली. सुपातले खडे बाजूला करत म्हणाली, "मंग? पोरी तं तुह्याच हातानं घरी आल्या ना?"

"मॅडमचं नाव खराब झालं."

"मॅडम शिकेल-सवरेल हाय. तिले कामाले काय कमी? तू बोलशीन तं झेंड्याचं काम जाईन, वरून साहेब म्हनन की तू पोरी माराले निंगाली होती. चूप राह्य."

मग सूप खाली ठेवून म्हणाली, "काऊन सांगतलं वो मले? आता मले बी पोटात ठेवा लागन."

यमुनाबाईचं चुकलं असं नाही. तिच्या बोलण्यात माया होती. मी गप्प राहिले. गप्प राहायला मला कोणी शिकवावं लागत नाही. पण त्यानंतर ती मुलांना ती गोष्ट सांगायची थांबली. एकदम थांबली. तिची गोष्ट ऐकवत नव्हती, आणि आता तिचं न सांगणंही ऐकवेना.

कधी कधी वाटतं, मॅडम नागपुरात कुठल्यातरी खोलीत बसून तो नकाशा अजून ताडून पाहत असतील. आपलं कुठे चुकलं ते शोधत असतील. चुकलेलं सापडलं तर माणूस झोपतो. चूक झालीच नाही, तर शोधणाऱ्यानं कुठवर शोधावं? शंभर पावलांना एक खडा टाकणारं माणूस ते. त्यांना आता आपल्या खिशातल्या खड्यांवरही भरवसा राहिला नसेल. हे मनात आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. मग उठते. चादरी वाळत घालायच्या असतात.

यंदा निखिल सर नावाचे नवे आले आहेत. वय तसंच, त्या वेळच्या मॅडमइतकं. नकाशा मोबाइलवर काढतात, पावलं मोजत नाहीत. गोल जरा निराळ्या जागी आहेत, आणि झेंड्या तेवढ्याच. परवा हंगामाची पहिली बस आली. मी उजाडता निघाले. धुकं नव्हतं, गारवा होता. चौथी झेंडी तलावाच्या पाळीवरच्या अर्जुनाला टांगायची होती. वर पाहिलं तर फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं, सुपाएवढं, काळंभोर, माश्यांनी जिवंत. आठवड्यापूर्वी सरांना झाड दाखवलं तेव्हा ते नव्हतं. खाली मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, दगड भिरकावला, तर झालंच.

जवळच दुसरं झाड होतं. माझा हात तिकडे गेलासुद्धा. तारेचा आकडा फांदीला लागला होता. मग मी तो काढून घेतला आणि झेंडी तशीच हातात धरून परत फिरले.

अंगणात तसंच सगळं होतं. स्वेटर, बूट, कलकल, शाळेच्या बाई, साहेब. सर मध्ये उभे. मी खांबाजवळ थांबले नाही. थांबले असते तर तिथेच राहिले असते. मुलांच्या मधून चालत गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, माझे कान तापले.

"सर, चार नंबर टांगली नाई."

"काऊन, मावशी?"

"झाडाले आग्या मोहोळ बसलं. मोठं हाय. पोरं तिकडे नाई गेली पाहिजे."

बस. झालं. आवाज इतका बारीक निघाला की सरांनी कान पुढे केला होता. पण त्यांनी ऐकलं. ते वळले आणि म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. नकाशातला चार नंबर आज बंद. पेन काढा, खोडा. पाळीवर कोणी जायचं नाही, मधमाश्या आहेत." चाळीस मुलांनी पेनं काढली. कागदावर खर्रखर्र झालं. एका मुलानं विचारलं, "सर, मध मिळेल का?" सगळे हसले. साहेब पण हसले. शाळेच्या बाई म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलंत. कोणी बसमध्ये बसा म्हटलं नाही. कोणी घाबरलं नाही. आणि सर मुलांना होकायंत्र धरायला शिकवू लागले.

मी चार नंबरची झेंडी हातात घेऊन उभी राहिले. एवढंच होतं ते. पेनाची एक फुली. हे सोपं निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि सोपं निघालं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी भिंत धरली. मग तेव्हाही एवढंच झालं असतं.

गट सुटले. अंगण रिकामं झालं. सर पायरीवर चहा घेऊन बसले. मला पाहून म्हणाले, "मावशी, बरं केलं तुम्ही. असंच सांगत जा. अजून काही हाय का?"

"हाय," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

"श्वेता मॅडमचा नकाशा बरोबर होता," मी म्हटलं. "सात नंबर म्या हालवली होती."

 सरांनी विचारलं, "कोण श्वेता मॅडम?"

स्वयंपाकघराच्या दारात यमुनाबाई हातातला झारा तसाच धरून उभी होती.  मी सरांच्या खालच्या पायरीवर बसले, पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही यायच्या आधीची गोष्ट हाय, सर. पहिल्यापासून सांगा लागन. टाइम हाय ना तुमाले?"

सरांनी घड्याळ पाहिलं. मुलं परत यायला दीड तास होता.